कौलांवरचं शेवाळ: कुणाला इजा न होता कसं काढावं?

पाणंदवाट | ८ फेब्रुवारी, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. कणकवली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) फणसाची गर्द सावली. आई तिथे एकटी राहते, मी ठाण्याला. गेल्या पावसात स्वयंपाकघरात दोन ठिकाणी गळलं. दिवाळीत गेले तेव्हा शिडीवरून वळचणीपाशी डोकावून पाहिलं, तर मागच्या पाख्यावर शेवाळाची गादी झाली होती, बोटाच्या पेराएवढी जाड. चुलीवर उजेडासाठी काचेची दोन कौलं आहेत, तीही झाकून गेलीत. आई म्हणते, भरदुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत.

बाजारपेठेतला एक जण प्रेशर पंपाने कौलं धुऊन द्यायला तयार आहे. शेजारचे काका म्हणतात, सुपारीला मारतो तेच मोरचूद-चुन्याचं पाणी मारून टाका. आईने परस्पर कुणाला वर चढवण्याआधी मला सगळं नीट समजून घ्यायचंय. आमच्या वाडीतले एक आजोबा दोन वर्षांपूर्वी कौलं बघायला म्हणून चढले आणि पडले. माकड हाडाला मार बसला, अजून आधाराशिवाय चालता येत नाही. त्यामुळे शेवाळ निघालं नाही तरी चालेल, पण माणूस पडता कामा नये. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

हरितकण | ८ फेब्रुवारी, रात्री १०.४०

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी वर नक्की काय वाढलंय ते बघा असं सुचवेन. आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण कौलावर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. काळपट, पातळ, ओलं झालं की बुळबुळीत होणारा थर म्हणजे शैवाल. तो कौलाला फारसं काही करत नाही, पण पाय घसरतो तो त्याच्यावरूनच. करड्या-पांढुरक्या, चिकटून बसलेल्या चकत्या म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात पडतं त्याचंच भावंड. ते पृष्ठभागात घट्ट रुतलेलं असतं. खरवडायला गेलात तर कौलाची कातडीही सोबत निघते, म्हणून त्याच्या मागे लागू नका. आणि तुमची ती हिरवी गादी म्हणजे मॉस.

मॉसला खरी मुळं नसतात. बारीक तंतूंनी ते पृष्ठभागाला धरून राहतं आणि पाणी अंगानेच पितं. म्हणजे ते कौल खात नाही, पण स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. त्यात धूळ, पालापाचोळा अडकतो, माती होते आणि मग त्या मातीत पिंपळ रुजतो. पिंपळाला मात्र मुळं असतात.

एक गंमत स्वतः करून बघा. आत्ता ते सुकून तपकिरी झालं असेल, मेल्यासारखं दिसेल. चिमूटभर बशीत घ्या आणि चार थेंब पाणी टाका. काही मिनिटांत पानं उघडून हिरवी होतात. म्हणून "उन्हाळ्यात आपोआप मरेल" हा भरवसा ठेवू नका.

मांडवीकाठ | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

प्रेशर पंप अजिबात नको!! आमच्या गोव्यातल्या, बार्देशातल्या घरावर मारून घेतला होता. कौलं नव्यासारखी लालभडक झाली, आम्ही खूश. पहिल्याच जोरदार पावसात माळ्यावर पाणी. मंगलोरी कौल वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं असतं. पंपवाला वळचणीकडून वर मारत होता, त्यामुळे पाणी सांध्यांतून उलटं आत घुसलं, रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) भिजल्या, काही कौलं जागची हलली. दुसरं म्हणजे भट्टीत भाजताना कौलावर जो कडक पापुद्रा येतो तो खरवडला गेला. आता हात फिरवला तर बोटाला लाल पूड लागते. दोन पावसाळ्यांत शेवाळ पूर्वीपेक्षा दाट आलं, कारण खडबडीत, पाणी पिणारा पृष्ठभाग त्याला आयताच मिळाला. पैसे गेले, कौलंही गेली.

पॅसिफिककाठ | ९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

मी सिॲटलला असतो. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रिमझिम आणि ढग, त्यामुळे छपरावरचं मॉस हा घरोघरचा विषय. इथली छपरं डांबरी शिंगलची, वर बारीक खडीचा थर. प्रेशरने ती खडी निघून जाते म्हणून इथेही जाणते लोक पंप लावू देत नाहीत. आढ्याच्या (छपराच्या सगळ्यात वरच्या कडेच्या) खाली जस्ताची पट्टी ठोकतात. पावसाचं पाणी तिच्यावरून वाहताना जस्ताचा अंश घेऊन उतरतं आणि त्या ओघळाखाली मॉस धरत नाही. तांब्यानेही तेच होतं. मात्र ही पट्टी नवं शेवाळ रोखायला चांगली, आधीची गादी तिने निघत नाही. आणि पट्टीपासून जितकं खाली जाल तितका गुण कमी.

इथले व्हिडिओ पाहून तिकडे काही करण्याआधी एक लक्षात घ्या. इथे मॉसमध्ये मुरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि छपराला तडे पाडतं, त्या भीतीने लोक घाई करतात. कोकणात पाणी गोठत नाही. तुम्हाला घाई नाही, योग्य महिन्याची वाट बघायला वेळ आहे.

रीपवासे | ९ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आमचं घराणं सुताराचं. वडिलांबरोबर वयाच्या चौदाव्या वर्षापासून घरं शाकारतोय, कणकवली-मालवण पट्ट्यातच. जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही विचारलंत छपरावरचं शेवाळ कसं काढायचं. माझं सांगणं आहे, छपरावर काढूच नका. कौल खाली आणा आणि अंगणात काढा. सिमेंटच्या किंवा शिंगलच्या छपराला ही सोय नाही, आपल्या कौलारू घराला आहे. मंगलोरी कौल खिळ्याने ठोकलेलं नसतं, खालच्या खुंटीने रिपेवर अडकवलेलं असतं. वरचं जरा उचललं की खालचं सरकून हातात येतं. आमचे वडील नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढंच सांगत, "कौलार पाय ठेवूचो नाय. कौल काढूचा आणि मगे वाश्यार पाय ठेवूचो." (वासा म्हणजे रिपांखालचं, छपराच्या उताराने टाकलेलं जाड लाकूड.) माझ्या पाहण्यात जी माणसं पडली ती बहुतेक कौलावरून चालणारी होती. कौल वरून धडधाकट दिसतं, पण माकडाने उडी मारून पोटात तडा गेलेला असतो तो दिसत नाही. त्यात शेवाळ असेल तर पाय घसरतो की कौल फुटतं, हे कळायच्या आत माणूस माजघरात असतो.

आता कामाची रीत. आधी घरात शिरा, माळ्यावर जा. टॉर्च घेऊन मागच्या पाख्याच्या रिपा बघा. काळी पडलेली, भुसभुशीत रीप स्क्रूड्रायव्हरने टोचली की आत जाते. वाळवीचा मातीचा माग दिसतोय का तेही बघा. अशी रीप खुणेला खडूने रंगवा. माणूस तिच्यावर जाणार असतो, म्हणून हे आधी. बरेचदा गळण्याचं कारणही इथेच सापडतं. शेवाळ कौलाच्या खाचेत भरतं, पाण्याची वाट तुंबते, पाणी सांध्यावरून मागे चढून रिपेवर पडतं. पण कधी नुसतं एक कौल घसरलेलं असतं आणि आपण उगाच शेवाळाला दोष देतो.

मग दोन माणसं माळ्यावरून आणि शिडीवरून, एक माणूस खाली. खालचा माणूस हवाच, तो कौलं झेलायला नाही, लक्ष ठेवायला. कौलं हातोहात नाहीतर टोपलीला दोर लावून उतरवायची, फेकाफेकी नाही. एक कौल अडीच-तीन किलोचं असतं, बारा फुटांवरून डोक्यात पडलं तर जीव जाईल. आढ्याखालून वळचणीपर्यंत चार-पाच कौलांचा उभा पट्टा काढायचा, साफ करून परत लावायचा, मग शेजारचा. सगळं पाखं एकदम उघडं टाकू नका, वळवाचा पाऊस सांगून येत नाही. पाय ठेवायचा तो वाशावर जिथे रीप बसलीय तिथे, दोन वाशांच्या मधल्या रिपेवर कधीच नाही. अंगात पूर्ण हार्नेस (खांदे-छाती-मांड्यांभोवतीचे सुरक्षा पट्टे), त्याचा दोर आढ्यावरून पलीकडे नेऊन घराच्या दुसऱ्या बाजूला झाडाला नाहीतर दगडी खांबाला बांधलेला. नुसता कमरेला बांधलेला दोर चालत नाही, पडताना तो पोट आणि बरगड्या आवळतो. सुंभाचा जुना दोर तर नकोच.

शिडीचंही सांगतो. वळचण १२ फूट उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून ३ फूट पुढे. शिडीचं टोक वळचणीच्या ३ फूट वर आलं पाहिजे आणि तिथे ते बांधलेलं पाहिजे. अंगणात हिरवट जागा असते तिथे शिडी टेकू नका, आधी खाली चुना किंवा रेती टाका. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर कुठून जाते ते बघा. जुन्या तारेचं आवरण उन्हाने तडकलेलं असतं. वायर त्या बाजूने असेल तर लाइनमनला सांगून काम होईपर्यंत पुरवठा बंद ठेवा आणि लोखंडी-ॲल्युमिनियमची शिडी वापरूच नका.

हातमोजे घाला. कौलाच्या पोटाशी विंचू असतो आणि आढ्याजवळ गांधीलमाश्यांचं पोळं. वर असताना गांधीलमाशी चावली की माणूस हात सोडतो.

साफसफाई शेवटी सांगतोय, कारण ती सगळ्यात सोपी आहे. कौल सुकं असतानाच बांबूच्या चिपटीने शेवाळ उचकटायचं, सुकलेलं पापडासारखं निघतं. मग पाण्यात भिजवून काथ्याच्या ब्रशने किंवा नारळाच्या सोडणाने घासायचं. तारेचा ब्रश नको. खाचा माडाच्या हिराने (झावळीच्या पातीतल्या काडीने) साफ करायच्या, पाणी तिथेच तुंबतं. दोन दिवस कडक ऊन दाखवायचं. लावण्याआधी प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलेलं बाजूला काढा, दिसायला कितीही चांगलं असो.

महिना मार्च-एप्रिल. सकाळी दव सुकल्यावर सुरू करा आणि अकराला थांबा. भर उन्हात वर काम करणारा माणूस चक्कर येऊनही पडतो.

कातळफूल | १० फेब्रुवारी, सकाळी ७.२०

रीपवासे, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, त्यावरही शेवाळ आहे. तिथे ही रीत चालेल का?

रीपवासे | १० फेब्रुवारी, दुपारी १.१५

नाही. सिमेंटच्या पत्र्यावर पाऊलसुद्धा ठेवू नका, तो कौलापेक्षा दगाबाज. वरून घट्ट दिसतो आणि एका क्षणात फुटतो. माझा एक जवळचा मित्र गोठ्याच्या पत्र्यातून खाली पडून गेला. हातात फक्त खराटा होता, पाचोळा काढायला चढला होता. त्या दिवसापासून मी पत्र्याचं काम घेत नाही.

हरितकण | १० फेब्रुवारी, दुपारी ३.००

त्यात भर घालते. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. सुका पत्रा घासला, कापला किंवा प्रेशरने धुतला की ते तंतू सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो इतकी ती गंभीर गोष्ट आहे. गोठ्यावरचं शेवाळ तसंच राहू द्या. पन्हळ तुंबली असेल तर खालून, शिडीवरून, ओली करून साफ करा. पत्रा बदलायचाच झाला तर न फोडता, ओला करून, अखंड उतरवा.

पाणंदवाट | १० फेब्रुवारी, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. बशीतला प्रयोग आईला फोनवरून करायला सांगितला. तिने व्हिडिओ पाठवला, खरंच डोळ्यांसमोर हिरवं झालं! प्रेशर पंपवाल्याला नाही सांगून टाकलं. दोन शंका उरल्या. मोरचूद मारावं का? आणि सावली धरणारा फणस तोडायला आई तयार नाही, मग त्याचं काय करावं?

मांडवीकाठ | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

मोरचूद-चुन्याचं ते पाणी म्हणजे बोर्डो: १ किलो मोरचूद (त्यात तांबं असतं), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. सुपारीच्या कोळे रोगावर आम्हीही मारतो. तांब्याने शेवाळ मरतं हे खरं. पण ते पाणी कुठे जाणार? आमची पागोळी थेट विहिरीच्या वाटेने वाहते. तांबं माशांना विषारी आहे आणि जस्ताच्या पन्हळी, खिळे खातं. कौलावर निळे डाग पडतात ते वेगळेच. छपराचं पाणी विहिरीत, टाकीत किंवा पोफळीखालच्या व्हाळात (ओढ्यात) जात असेल तर मारू नये असं माझं मत.

रीपवासे | ११ फेब्रुवारी, रात्री ८.४५

सहमत. खाली उतरवलेलं कौल ऊन खातं तेव्हा वेगळ्या औषधाची गरज क्वचितच पडते. फारच काळपट असेल तर बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी करून त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा. हे उघड्यावर करा, डोळ्यांना चष्मा लावा. आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून ठळक लिहितो: ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, श्वास कोंडतो. लोक "जास्त जोर येईल" म्हणून करतात. नुसतं ॲसिडही नको, आढ्यावरची कौलं चुन्याच्या गिलाव्यात बसवलेली असतात, तो चुना ॲसिड खाऊन टाकतं.

फणस तोडू नका. फणसाला फळ खोडाला आणि जाड फांद्यांना धरतं, पाख्यावर आलेल्या शेंड्याकडच्या फांद्या छाटल्या तर आईंचे फणस कुठे जात नाहीत. सकाळचं ऊन पाख्यावर तीन-चार तास पडेल एवढी वाट करा. शेवाळ ओलीवर जगतं. ऊन आणि वारा आत आला की ते दाटायचं थांबतं. हे केलं नाही तर कितीही घासा, चार वर्षांनी तिथेच. मात्र छाटायला झाडावर चढणारा माणूस माहितीचा घ्या, फांदी कौलांवर पडू देऊ नका, दोराने बांधून उतरवा.

पॅसिफिककाठ | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

दुरून वाचताना खूप बरं वाटलं. इथे घरमालक सुट्टीच्या दिवशी एकटेच चढतात, घरात कुणाला सांगितलेलंही नसतं. निदान तेवढं कुणी करू नका. काम माहितीच्या माणसाकडून करून घेतलं तरी त्याच्याकडे हार्नेस आहे का ते विचारा आणि नसेल तर आपण विकत घेऊन द्या. हॉस्पिटलच्या एका दिवसापेक्षा तो स्वस्त पडतो.

पाणंदवाट | १४ एप्रिल, रात्री ९.३०

काम झालं. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

रीपवासेंनी निरोपातून सुचवलेले दोघे कामगार आले, हार्नेस आम्ही आणून दिले. पहिल्या दिवशी एकही कौल काढलं नाही. माळ्यावर टॉर्च घेऊन सगळ्या रिपा टोचून पाहिल्या. सात रिपा भुसभुशीत निघाल्या, सगळ्या फणसाच्या बाजूच्या, आणि एका वाशाच्या टोकाला वाळवी. म्हणजे कुणी वरून चालत गेलं असतं तर नेमकं तिथेच खाली आलं असतं. हे पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून त्या दोघांसाठी कोकम सरबत करायला गेली.

आधी तेवढ्या जागची कौलं उतरवून वासा-रिपा बदलल्या, मग पट्टे काढले. मागचं पाखं पुरं व्हायला सहा दिवस लागले, कारण रोज अकराला काम थांबत होतं. शेजारच्या काकांना ही चैन वाटली. शेवटच्या दिवशी तेच अंगणात बसून हिराने खाचा साफ करत होते.

कौलं धुताना पोटावरचे छाप दिसले, मंगळूरच्या जुन्या कारखान्याचे. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला हे वाचलं होतं, पण ती अक्षरं अंगठ्याखाली लागली तेव्हा वेगळंच वाटलं. एकूण एकतीस कौलं बद्द वाजली. दुकानातली नवी आणली, तर त्यांच्या खाचा जुन्यांत बसेनात, बारीक फरक आहे. शेवटी त्याच छापाची कौलं पलीकडच्या वाडीत पडलेल्या घराच्या ढिगातून मिळाली, मालकांनी आनंदाने दिली. जुनी कौलं टाकून देणाऱ्यांनी कृपया असं करू नका, रचून ठेवा, कुणाचं तरी घर तगेल.

ढिगातली कौलं उचलताना दोन विंचू निघाले. हातमोजे होते.

रीपवासे | १५ एप्रिल, सकाळी ७.००

उत्तम झालं. नव्या-जुन्याची सांगड बसत नसेल तर नवी कौलं एकत्र एका पट्ट्यात, पडवीवर वगैरे लावावीत, मधेमधे पेरू नयेत. आता पुढचं बघणं दिवाळीच्या सुमारास. तेव्हा शेवाळ कोवळं असतं, वळचणीजवळचं खालूनच लांब बांबूला ब्रश बांधून निघतं.

कातळफूल | १५ एप्रिल, सकाळी १०.१०

गोठ्यावर आता कुणीही चढायचं नाही, असं घरात सांगून ठेवलंय. पुढच्या वर्षी पत्रे अखंड उतरवून घेणार.

पाणंदवाट | २६ जून, संध्याकाळी ६.२०

आठ दिवस धो धो लागलाय. आज आईचा फोन आला. स्वयंपाकघर कोरडं आहे. बाहेर एवढं अंधारून आलेलं असूनही चुलीपाशी दिवा न लावता तिने तांदूळ निवडले.